भोपळ्याच्या पोकळीतून: निवांत पण अपरिचित संगीत कसे शोधावे

मंगळवेढ्याच्या परिसरात तंबोऱ्यासाठी पिकवलेला भोपळा वाळल्यावर हातात घेतला, तर पहिले नवल त्याच्या वजनाचे वाटते. घागरीहून मोठा दिसणारा हा भोपळा एका हाताने सहज उचलता येतो. बोटाच्या पेराने त्याच्यावर टिचकी मारली, की आत सुकलेल्या बिया खुळखुळतात आणि त्यांच्या मागून एक गोल, खोल आवाज येतो, जो लगेच विझत नाही. असे भोपळे इथून मिरजेला जातात. तिथले कारागीर कर्नाटकातून आणलेल्या लाकडाशी त्यांची जोड घालतात आणि त्यातून तंबोरे व सतारी तयार होतात. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जिल्ह्याच्या मातीत उगवलेली एक पोकळी देशभरातल्या मैफलींत गायकाच्या पाठीशी गुंजत असते, ही गोष्ट सोलापुरातल्या पुष्कळ रसिकांनाही ठाऊक नसते.

या लेखाची सुरुवात भोपळ्यापासून करण्याचे कारण आहे. निवांत, मृदू, मनाला विसावा देणारे संगीत ऐकावेसे वाटणारे अनेक जण मला विचारतात, की असे संगीत शोधायचे कुठे. इंटरनेटवरच्या ऐकण्याच्या सेवांवर ‘शांत संगीत’ असे लिहिले, की तीच ती बासरी, तेच ते पियानोचे तुकडे आणि त्यांच्यामागे भरलेला पावसाचा आवाज समोर येतो. दुसरीकडे लोकसंगीत, शास्त्रीय संगीत आणि जॅझ अशी कपाटे केलेली असतात आणि एका कपाटातला माणूस दुसऱ्यात सहसा डोकावत नाही. माझा अनुभव असा आहे, की मृदूपणा हा कोणत्याही एका कपाटाचा गुण नाही. तो आवाज कसा जन्मतो, कशात घुमतो आणि कसा विरतो यावर अवलंबून असतो. हे एकदा कानाला कळले, की एका वाद्याचा किंवा एका वादकाचा धागा धरून लोकसंगीतातून शास्त्रीय संगीतात आणि तिथून जॅझमध्ये सहज जाता येते.

आवाज मृदू कशामुळे होतो

माझे बालपण सोलापूर शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी गेले. धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकला जातो तेव्हाचा खटका ज्याने ऐकला आहे, त्याला आवाजाची ‘सुरुवात’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. तो आवाज शून्यातून एका क्षणात पूर्ण ताकदीला पोहोचतो. कान अशा आवाजाला दचकतात, कारण अचानक सुरू होणारा आवाज ही धोक्याची खूण असू शकते हे शरीराला फार पूर्वीपासून माहीत आहे. याउलट सारंगीवर गज हळूच टेकवून ओढला, की स्वर कधी सुरू झाला हे नेमके सांगता येत नाही. तो उगवतो. मृदू संगीताची पहिली खूण हीच, की स्वरांच्या कडा बोथट असतात. पियानोत तारांवर आदळणाऱ्या हातोड्यांना नमद्याचे आवरण असते ते याचसाठी. जॅझमध्ये ड्रम वाजवणारा कलावंत काठ्या बाजूला ठेवून तारांचा कुंचा घेतो आणि चामड्यावर तो गोल फिरवतो, तोही याचसाठी. ट्रम्पेटच्या तोंडाशी धातूचे बूच बसवून त्याचा आवाज आत कोंडतात, तेव्हा तो आवाज लहान तर होतोच, शिवाय दूरवरून आल्यासारखा वाटू लागतो.

दुसरी खूण समजायला जरा कठीण आहे, पण तिथेच खरी गंमत आहे. कोणताही स्वर एकटा नसतो. तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार छेडली, की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक स्वरही निघतात. जाणकार ज्याला स्वयंभू गंधार, म्हणजे आपोआप उमटणारा ‘ग’, म्हणतात, तो या पाचपटीतून येतो. गंधाराची तार तंबोऱ्याला लावलेलीच नसते, तरी गंधार ऐकू येतो. या वरच्या स्वरांचे प्रमाण जास्त झाले, तर आवाज झगझगीत, धारदार होतो आणि कमी झाले, तर तो गोल, दबका होतो. पिपाणी कानात घुसते आणि बासरी कानाला गोंजारते, यातला मोठा फरक या प्रमाणाचा आहे.

तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यावर, तारेखाली घातलेला दोरा हे प्रमाण बदलण्याचे साधन आहे. माझ्याकडे मिरजेचा एक जुना तंबोरा आहे. तो जुळवताना मी दोरा बोटाच्या नखाने केसभर पुढे सरकवते आणि तार छेडते. आवाज कोरडा असतो, जणू तार लाकडाला चिकटून बसली आहे. पुन्हा केसभर मागे घेते, पुन्हा छेडते. आता थोडी भणभण येते, पण ती विस्कटलेली असते. असे पाच-सहा वेळा केले, की एका जागी तार अचानक उघडते, आणि एका छेडण्यातून स्वरांचा पट्टा उलगडत जातो: आधी खालचा भारदस्त सा, मग पंचम, मग तो गंधार, आणि शेवटी एक बारीक चकाकी, जी विरता विरता खोलीभर राहते. याला जवारी लागणे म्हणतात. तार घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागाला घासत कंप पावते, त्यामुळे वरचे स्वर एकदम न निघता क्रमाने निघतात. म्हणजे मृदू आवाज हा गरीब आवाज नसतो. तो आतून श्रीमंत असतो, फक्त आपली श्रीमंती सावकाश दाखवतो.

तिसरी खूण म्हणजे मोकळी जागा. संथ लय हे तिचे एक रूप. ख्यालगायनात अतिविलंबित, म्हणजे अत्यंत संथ लयीतला झुमरा ताल असेल, तर १४ मात्रांचे एक आवर्तन पूर्ण व्हायला काही वेळा पाऊण मिनिटाहून अधिक काळ लागतो. अमीर खाँ (१९१२ ते १९७४) यांचे गाणे ऐकताना अनेकदा असे वाटते, की ते स्वर लावण्यापेक्षा दोन स्वरांमधली शांतता सजवत आहेत. परंतु लय संथ असली म्हणजे संगीत निवांत झालेच असे नाही, आणि लय मध्यम असूनही ते अत्यंत निवांत असू शकते. जात्यावरच्या ओवीत हात सतत फिरत असतो, तरीही ती ऐकताना जीव शांत होतो, कारण तिचा गळा तीन-चार स्वरांच्या बाहेर फारसा जात नाही आणि पुढे काय येणार याची कानाला खात्री असते.

असे संगीत मागे का पडते

भारतात तबकड्यांच्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला १९०२ मध्ये कोलकात्यात सुरुवात झाली आणि गौहरजान या पहिल्या नामवंत मुद्रित गायिकांपैकी एक होत्या. त्या काळच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवायचा, तर पहिली कात्री आलापावर, म्हणजे तालाशिवाय सावकाश उलगडणाऱ्या भागावर, आणि विलंबितावर चालणार हे उघड होते. द्रुत बंदिश, झपाट्याची तान आणि शेवटी गायिकेने आपले नाव सांगणे, असा त्या तबकड्यांचा घाट झाला. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूवर वीसेक मिनिटे मिळू लागली आणि संथ संगीताला प्रथमच ऐसपैस बसायला जागा झाली. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, त्यानेही शनिवारच्या रात्री दीर्घ मैफल घरोघर पोहोचवली.

आज पुन्हा घड्याळ आखडले आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेवर एखादे गाणे ३० सेकंद ऐकले गेले, तरच ते ‘ऐकले’ म्हणून मोजले जाते. आता विचार करा, रुद्रवीणेच्या आलापात पहिल्या ३० सेकंदांत कदाचित दोनच स्वर येतात. घाईतला श्रोता तेवढ्यात पुढे जातो, मोजणी होत नाही, आणि त्या मुद्रणाला इतरांपुढे आणण्याचे कारण संगणकाला सापडत नाही. या शिफारशींचे तत्त्व सोपे असते: तुमच्यासारखी गाणी ऐकणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकले, ते तुम्हाला दाखवायचे. जे पुष्कळांनी ऐकले तेच पुष्कळांना दिसते, आणि जे थोड्यांनी ऐकले ते त्या थोड्यांपाशीच राहते. म्हणून अपरिचित संगीत शिफारशीच्या वाटेने क्वचितच भेटते. त्याच्याकडे आपणच चालत जावे लागते.

घरापासून सुरुवात

सोलापूरकराला फार लांब जावे लागत नाही. सुंद्री हे नाव किती जणांनी ऐकले आहे? शहनाईच्या कुळातले, पण तिच्याहून पुष्कळ लहान असे हे वाद्य सोलापूरच्या जाधव घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. सिद्राम जाधव आणि भीमण्णा जाधव यांच्या वादनाने ते मैफलीच्या व्यासपीठावर आले. अक्कलकोटच्या दरबारात या वाद्याला सुंद्री हे नाव मिळाले असे सांगतात. इतक्या लहान नळीतून आवाज टोकदारच येईल असे वाटते, आणि फुंकर सैल सुटली तर तो तसा येतोही. परंतु कसलेला वादक जिव्हाळीवर, म्हणजे फुंकायच्या पातळ पातीवर, ओठांचा दाब किंचित कमी करतो, श्वास रोखून धरतो आणि स्वराला मींड देत, म्हणजे न तोडता घसरवत, खाली आणतो, तेव्हा तो आवाज गळ्यासारखा ओला होतो. लग्नातल्या सनईची सवय असलेल्या कानांना हा वेगळाच अनुभव आहे. या वाद्याचा शोध घेताना ‘सुंद्री’, ‘सुंदरी’ आणि ‘सुंद्रीवादन’ असे तिन्ही शब्द देवनागरीत आणि मग रोमन लिपीतही टाकून पाहावेत, कारण प्रत्येक शब्दाला वेगळी मुद्रणे सापडतात.

दुसरा ठेवा वचनगायनाचा. ज्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला आपण संक्रांतीच्या दिवसांत गर्दी करतो, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले वचनकार होते, आणि ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांची नाममुद्रा वचनांच्या शेवटी येते. ही वचने कन्नडमध्ये आहेत. ती मूळची छंदबद्ध गीते नसून लयदार गद्य आहे, आणि त्यामुळेच ती गाताना तालाचा काच फार नसतो. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर (१९१० ते १९९२) यांचे जयपूर-अत्रौली गायकीतले अवघड राग रसिकांना परिचित आहेत, पण त्यांनी गायलेली वचने ऐकली नसतील तर जरूर ऐकावीत. तिथे गुंतागुंतीची तान नाही. शब्द सांगितल्यासारखा येतो आणि स्वर त्याच्या पाठीवर हात ठेवून चालतो. कन्नड कळत नसले, तरी सोलापुरात शेजारी विचारायला कुणीतरी असतेच. मी स्वतः अशीच एका वचनाचा अर्थ विचारायला शेजारच्या आजींकडे गेले, आणि त्यांनी अर्थ सांगता सांगता ते त्यांच्या माहेरच्या चालीत गाऊन दाखवले. ती चाल कोणत्याही तबकडीवर नाही. याच वाटेवर पुढे कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफ (१८१९ ते १८८९) यांची तत्त्वपदे भेटतात, एकतारीच्या साथीने गायली जाणारी, आणि त्या एकतारीच्या पायथ्याशीही पुष्कळदा छोटा भोपळाच असतो.

आपल्या मराठी ओवीकडे मी मुद्दाम पुन्हा येते. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईला साथीला कोणी नसते, जात्याची घरघर हाच तिचा तंबोरा असतो. गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले, तेव्हा या ओव्या गळ्यातच विरून जाण्याची वेळ आली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या, आणि त्यांतल्या अनेक आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळाच्या संग्रहात ध्वनीसह ऐकता येतात. मला विचाराल तर मृदू संगीताचा याहून शुद्ध नमुना माझ्या माहितीत नाही. बाई वरच्या पट्टीत जात नाही, कारण शेजारी लेकरू झोपलेले असते.

लावणीचे नाव इथे घेतले तर काहींना आश्चर्य वाटेल. परंतु पेशवाईच्या अखेरच्या काळातले शाहीर राम जोशी याच सोलापूरचे, आणि लावणीचा बैठकीचा प्रकार, जिथे कलावती बसून अदा करते आणि एकेक ओळ पुनःपुन्हा नव्या भावाने उलगडते, तो ठुमरीच्या फार जवळ जातो. यमुनाबाई वाईकर यांची बैठकीची लावणी ऐकली, की ढोलकीच्या कडकडाटाशी जोडलेली आपली समजूत सैल होते.

भोपळ्याचा धागा धरून

आता पुन्हा भोपळ्याकडे येऊ. तंबोऱ्याला एक भोपळा, तर रुद्रवीणेला दोन. वादक त्यांतला एक खांद्यावर टेकवतो आणि दुसरा मांडीजवळ ठेवतो, म्हणजे वाद्याचा घुमारा अक्षरशः त्याच्या कानाशी असतो. झिया मोहिउद्दीन डागर (१९२९ ते १९९०) यांनी आपली वीणा मुद्दाम मोठ्या भोपळ्यांची आणि जाड तारांची करून घेतली. तार जाड झाली, की ती ओढून एका पडद्यावर अनेक स्वरांची मींड घेता येते आणि मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला आवाज अधिक गंभीर होतो. पनवेलजवळ पळस्पे येथे त्यांचे गुरुकुल आहे. त्यांचा आलाप ऐकताना स्वर संपला असे वाटते आणि तेव्हाच कळते, की तो संपलेला नाही, फक्त फार खाली गेला आहे. सतारीची मोठी बहीण असलेले सूरबहार हेही याच जातीचे. अन्नपूर्णादेवी (१९२७ ते २०१८) यांनी १९५० च्या दशकात जाहीर मैफली थांबवल्या, त्यामुळे त्यांच्या सूरबहारची मुद्रणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि ती जुनी, खरखरणारी आहेत. ती खरखर सहन करावी. काही मिनिटांत कान तिला बाजूला सारतो.

हाच धागा समुद्रापलीकडे पश्चिम आफ्रिकेत जातो. माली आणि आसपासच्या देशांत कोरा नावाचे वाद्य आहे. मोठा भोपळा मधोमध चिरून त्यावर गाईचे चामडे ताणतात, त्यातून उभा दांडा काढतात आणि दोन्ही बाजूंना मिळून २१ तारा लावतात. वादक दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जनींनी त्या छेडतो. अंगठे खालची चाल सांभाळतात, तर्जन्या वरची नक्षी काढतात. ही कला तिथल्या परंपरागत गायक-वादक घराण्यांत बापाकडून मुलाकडे जाते, आपल्या घराण्यांसारखीच. तुमानी दियाबाते (१९६५ ते २०२४) यांचे एकल वादन आणि बालाके सिसोको यांच्याबरोबरची त्यांची कोराची जोडी ऐकावी. तिथे वेग असतो, बोटे भराभर चालतात, तरीही परिणाम संथ वाहत्या पाण्याचा होतो. लय संथ नसतानाही संगीत निवांत असू शकते, असे वर म्हटले त्याचा हा उत्तम पुरावा आहे.

त्याच प्रदेशात बालाफोन आहे. लाकडी पट्ट्या ओळीने मांडून प्रत्येक पट्टीखाली वेगवेगळ्या आकाराचा भोपळा टांगतात, मोठ्या पट्टीखाली मोठा आणि लहान पट्टीखाली लहान. भोपळ्याला एक छोटे भोक पाडून त्यावर परंपरेने कोळ्याच्या अंड्यांच्या कोषाचा पातळ पापुद्रा चिकटवतात. पट्टी वाजली, की तो पापुद्रा थरथरतो आणि स्वराला भणभण येते. हे वाचले तेव्हा मला माझ्या तंबोऱ्याचा दोरा आठवला. दोन खंडांतल्या कारागिरांनी एकमेकांना न पाहता एकच निर्णय घेतला होता, की निखळ स्वरापेक्षा किंचित भणभणणारा स्वर कानाला अधिक जिवंत वाटतो.

आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ही कल्पना मध्य अमेरिकेत गेली. तिथे भोपळ्यांचा मरिंबा झाला, पुढे भोपळ्यांच्या जागी लाकडाच्या आणि धातूच्या नळ्या आल्या. १९२० च्या दशकात अमेरिकेत लाकडी पट्ट्यांच्या जागी धातूच्या पट्ट्या घातल्या गेल्या आणि नळ्यांच्या तोंडाशी विजेवर फिरणाऱ्या छोट्या चकत्या बसवल्या गेल्या. चकती फिरली, की नळी उघडते, मिटते, उघडते, आणि स्वर श्वास घेतल्यासारखा लहानमोठा होतो. हे वाद्य म्हणजे व्हायब्राफोन, आणि आपण नकळत जॅझच्या दारात येऊन उभे राहिलो.

जॅझ म्हणजे गोंगाट नव्हे

जॅझबद्दल आपल्याकडे दोन समजुती आहेत: ते परके आहे आणि ते कर्कश आहे. पहिलीचे उत्तर मुंबईत आहे. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझचे वाद्यवृंद वाजत होते. टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकी पियानोवादक मुंबईत आणि कोलकात्यात राहिला आणि १९४५ मध्ये कोलकात्यातच वारला. त्या वाद्यवृंदांतले गोव्याचे वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गेले. म्हणजे जुन्या गाण्यांच्या मधल्या जागेत सॅक्सोफोनचा किंवा बुचाच्या ट्रम्पेटचा जो हळवा तुकडा आपण गुणगुणतो, तो जॅझच्या घरातूनच आलेला असतो.

दुसऱ्या समजुतीचे उत्तर द्यायला मिल्ट जॅक्सन (१९२३ ते १९९९) पुरेसे आहेत. व्हायब्राफोनच्या चकत्या त्यांनी इतरांपेक्षा पुष्कळ संथ फिरत्या ठेवल्या, म्हणून त्यांचा स्वर थरथरत नाही, झुलतो. १९५२ मध्ये आकाराला आलेल्या मॉडर्न जॅझ क्वार्टेट या चौघांच्या संचात ते होते. या चौघांचे वादन ऐकताना एक जण बोलतो तेव्हा बाकीचे तिघे खरोखर ऐकत आहेत हे जाणवते. क्लॅरिनेटवादक जिमी जुफ्री (१९२१ ते २००८) यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याहून धाडसी गोष्ट केली. त्यांनी आपल्या तिघांच्या संचातून ड्रमच काढून टाकले आणि जिम हॉल यांच्या गिटारवर लयीचा भार सोपवला. क्लॅरिनेटच्या अगदी खालच्या पट्टीत, जवळजवळ फुंकरीच्या आवाजात ते वाजवतात. टेनर सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर (१९०९ ते १९७३) यांची संथ गीते ऐकली, तर स्वराच्या शेवटी नुसता श्वास उरलेला ऐकू येतो. गायनात शर्ली हॉर्न (१९३४ ते २००५) आहेत, ज्या पियानो स्वतः वाजवत आणि इतक्या विलंबित लयीत गात, की ख्याल ऐकणाऱ्या कानाला त्या लगेच आपल्या वाटाव्यात. जॅझमध्ये अशा संथ गीतांना ‘बॅलड’ म्हणतात. कोणत्याही वादकाच्या नावापुढे हा एक शब्द लिहिला, की त्याचा मृदू चेहरा समोर येतो.

लोकसंगीत आणि जॅझ यांची गाठ कुठे पडते हे पाहायचे असेल, तर स्वीडनचे यान योहान्सन (१९३१ ते १९६८) यांच्याकडे जावे. १९६४ मध्ये त्यांनी आपल्या देशातली जुनी लोकगीते फक्त पियानो आणि डबल बास या दोन वाद्यांवर वाजवून एक तबकडी काढली. चाल जवळजवळ तशीच ठेवली आहे, फक्त तिच्याभोवती जागा मोकळी केली आहे. आपल्या ओवीला असे कुणी हळुवार हाताने वाजवावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात वाट शोधण्याचा उपाय आणखी सोपा आहे, कारण तिथे लयीची नावे तुकड्यांवरच लिहिलेली असतात. लार्गो, लेंतो, अदाजियो हे इटालियन शब्द संथ लय दाखवतात, आणि आंदान्ते म्हणजे चालण्याची लय. मोठ्या रचनांचा मधला भाग बहुधा संथ असतो, तेवढाच वेगळा ऐकला तरी चालतो. रात्रीच्या संगीताला ‘नॉक्टर्न’ हे नाव देऊन पियानोसाठी रचना करण्याची सुरुवात आयर्लंडच्या जॉन फील्ड (१७८२ ते १८३७) यांनी केली, पण तो मान पुढे दुसऱ्यांच्या नावावर जमा झाला. कातालोनियाचे फेदेरिको मोम्पू (१८९३ ते १९८७) यांनी आपल्या छोट्या पियानोरचनांच्या एका मालेला ‘निःशब्द संगीत’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यांतले काही तुकडे दोन मिनिटांचे आहेत आणि घंटेच्या एका टोल्याभोवती विणलेले आहेत. सारंगी आवडणाऱ्यांनी मारँ मारे (१६५६ ते १७२८) यांच्या व्हायोला दा गांबासाठीच्या रचना ऐकाव्यात. आतड्याच्या तारा, गजाचा हलका स्पर्श आणि मांडीत धरलेले वाद्य, हे नाते कान लगेच ओळखतो.

शोधताना आणि ऐकताना

माझा एक नियम आहे. एखादे मुद्रण आवडले, की मुख्य कलावंताचे आणखी काही ऐकण्याआधी साथीदारांची नावे पाहावीत. जिमी जुफ्री ऐकताना जिम हॉल सापडतात आणि जिम हॉल यांच्यामागून गेले, की सॅक्सोफोनवादक पॉल डेसमंड भेटतात. गाण्यातही सारंगीवर आणि हार्मोनियमवर कोण आहे हे पाहिले, की असेच होते. दुसरे म्हणजे, काही प्रकाशनसंस्थांची नावे हीच खूण असते. १९४८ मध्ये सुरू झालेली आणि १९८७ पासून अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे असलेली फोकवेज, फ्रेंच रेडिओची ओकोरा आणि म्युनिकची १९६९ पासूनची ईसीएम, या नावांनी शोध घेतला तर एरवी न दिसणारे शेकडो कलावंत दिसतात. ओकोराच्या यादीत आपल्या वीणेपासून आफ्रिकेच्या कोरापर्यंत सारे शेजारी शेजारी असते.

ऐकण्याच्या साधनाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. काळी एक, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा मानून गाणाऱ्या गायकाचा मध्य सा सुमारे १३८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा असतो, आणि खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ च्या आसपास. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला इतके खालचे स्वर नीट वाजवताच येत नाहीत, तो फक्त त्यांचे वरचे स्वर वाजवतो. वीणा मोबाइलवर ऐकून ‘काही विशेष नाही’ असे म्हणणाऱ्याने निम्मी वीणा ऐकलेलीच नसते. साधे इअरफोनही यापेक्षा पुष्कळ बरे.

शिवाय एक आवाज दुसऱ्याला झाकतो. कूलरची सततची घरघर खालच्या पट्टीत असते, आणि ती नेमके तेच स्वर गिळते ज्यांच्यासाठी आपण वीणा लावलेली असते. माझे वडील मागावरून घरी येत तेव्हा तासभर त्यांना हळू बोललेले ऐकू येत नसे. दिवसभर खटक्यांत राहिलेला कान तात्पुरता बधिर होतो आणि पूर्ववत व्हायला वेळ घेतो. कामावरून आल्या आल्या मृदू संगीत लावले, तर आवाज वाढवावासा वाटतो, आणि आवाज वाढवला की मृदूपणा जातो. म्हणून आधी कानाला थोडी विश्रांती द्यावी.

वैशाखात सोलापुरात खोलीत कूलरशिवाय बसवत नाही. आम्ही तेव्हा रात्री साडेदहानंतर गच्चीवर सतरंजी टाकतो. दगडी फरशी अजून कोमट असते, दूरच्या शेडमधले माग एकेक करून थांबत जातात. शेवटचा माग थांबला, की मी डागरांचा आलाप लावते, आवाज इतका कमी ठेवून, की पहिला स्वर सुरू झाला हे शेजारी बसलेल्या माझ्या मुलीला माझ्या चेहऱ्यावरून आधी कळते आणि मग कानावरून.